घरच्या माणसांना फंड नसतो

माणूस म्हातारा होतो, ही गोष्ट माणसाला स्वतःला पन्नाशीत कळते, त्याच्या बायकोला ती चाळिशीतच कळलेली असते, आणि सरकारला कळायला निदान शंभर वर्षं जावी लागतात. आमच्या भोर संस्थानात ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पाच-सहा वर्षं कळली आणि लगेच हुकूम निघाला. (जुन्या दप्तरात शोधायला जाऊ नये. हा हुकूम ह्या गोष्टीपुरता निघाला आणि गोष्टीबरोबरच संपला.) ज्या धंद्यात वीस किंवा वीसहून जास्त नोकर असतील, त्या मालकानं दरमहा नोकराच्या पगारातून रुपयामागे एक आणा कापावा, तेवढाच एक आणा स्वतःच्या खिशातून त्यात घालावा, आणि नोकर पंचावन्न वर्षांचा झाला म्हणजे ही सगळी पुंजी मानानं त्याच्या हातात ठेवावी. ह्याला फंड म्हणत.

हुकूम फार चांगला होता. चांगल्या हुकुमाची खूण अशी, की तो वाचून कोणालाही राग येत नाही. नोकरांना आला नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. मालकांना आला नाही, कारण पहिलं अर्धं वाक्य वाचून त्यांनी समाधानानं कागद खाली ठेवला.

आनंदरावांची हिरड्याची वखार भोर गावाच्या कडेला नदीकाठी होती. हिर्डोशीच्या आणि वेल्ह्याच्या रानातनं हिरडा गोळा होऊन तिथं यायचा. तिथं तो वाळवायचा, निवडायचा, पोत्यांत भरायचा आणि गाड्या जुंपून नसरापूरवरनं पुण्याला धाडायचा. पुढं त्यानं कातडी कमावतात म्हणे. कामाला सव्वीस माणसं होती. आनंदराव मनाचे इतके मोकळे, की हुकूम आला त्याच संध्याकाळी त्यांनी त्यातला अर्धा भाग अमलात आणला आणि सव्वीस जणांच्या पगारातून रुपयामागे एक आणा कापला. संस्थानात इतक्या तडफेनं कायदा पाळणारा दुसरा मालक नव्हता, हे कबूल करायला हवं.

राहिला उरलेला अर्धा. तो पाळायची त्यांची मनापासून इच्छा होती, पण पहिल्या वर्षी हिरडा कमी आला. दुसऱ्या वर्षी इतका आला की भावच बसला. तिसऱ्या वर्षी हिरडाही बेताचा आला आणि भावही चांगला मिळाला, आणि अशा चांगल्या वर्षाला उगीच खर्चाची दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. (ह्यात कोणाला दोष दिसत असेल तर त्यानं स्वतः वखार काढून पाहावी.)

ह्या वखारीत हिर्डोशीचा गेनबा तीस वर्षं पोती उचलत होता. येत्या कार्तिकात त्याला पंचावन्न पुरी होणार होती. गेनबाला फंडातलं फक्त एक कळायचं, ते म्हणजे कामथडीच्या सोनबाची म्हैस. दुसऱ्या वेताची, कासेला भरदार, डाव्या शिंगाला जरा बाक. किंमत साठ रुपये. गेनबाला पगार बारा. त्याचे कापलेले आणि मालकाचे घातलेले मिळून तीन वर्षांचे चोपन्न व्हायचे, आणि वरचे सहा त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं, कोंबड्या विकून गाठीला बांधले होते. सोनबानं मार्गशीर्षापर्यंत म्हैस राखून ठेवायचं कबूल केलं होतं. पाठ गेली होती, गुडघे कुरकुरत होते, डोंगराची दोन वावरं आणि थोडी नाचणी एवढ्यावर दोघांचं म्हातारपण निघणं शक्य नव्हतं. म्हैस आली तर निघत होतं. इतका साधा हिशेब होता.

तर दसऱ्याच्या आधी बातमी आली, की संस्थानचे फंडतपासनीस वखारी तपासायला निघालेत.

आनंदरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सव्वीस माणसांचा तीन वर्षांचा स्वतःचा आणा त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. त्यांनी आपला कारकून वसंत ह्याला बोलावलं. वसंत पुण्यात मॅट्रिकपर्यंत जाऊन आला होता आणि हुकूम शेवटपर्यंत वाचण्याची वाईट सवय तिथं त्याला लागली होती. तो म्हणाला, “साहेब, नवव्या कलमात लिहिलंय, मालकाच्या घरची माणसं मालकाच्या धंद्यात राबत असतील तर ती नोकर धरू नयेत.”

“मग?”

“घरच्या माणसांना फंड नसतो, साहेब.”

आनंदरावांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “अरे, तीस-तीस वर्षं ही माणसं माझ्याकडे आहेत. ती मला कधी परकी होती का?”

दसऱ्याला वखारीत तोरण लागलं. आनंदरावांनी स्वतःच्या हातानं प्रत्येकाला आपट्याचं पान दिलं, गूळखोबरं दिलं, आणि वसंतानं जाहीरनामा वाचला: ‘आजच्या शुभदिनापासून वखारीत नोकर असा कोणी नाही. सर्व मंडळी आनंदरावांचे कुटुंबीय असून त्यांनी एकमेकांशी व मालकांशी त्याच प्रेमानं वागावं. पगारास यापुढे हातखर्च म्हणावं. फंडापोटी कापलेली रक्कम घरातच आहे, तेव्हा तिची काळजी नसावी.’

नाती वाटून देण्याचं काम वसंतानं फार पद्धतशीर केलं. दहा रुपयांवर हातखर्च असलेला तो काका. आठ ते दहा, मामा. बायकांत जिला हिरडा निवडता येतो ती आत्या आणि जिला नुसता वाळत घालता येतो ती मावशी. त्याखालचे सगळे लांबचे. (एका मामानं वर्षभर चांगलं काम केलं तर त्याला काका करावा, अशीही तरतूद होती.)

गेनबा काका झाला. तीस वर्षांत आनंदराव त्याला ‘ए’ म्हणत आले होते. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत म्हणाले, “घ्या काका, खोबरं घ्या.” खोबरं हातात तसंच धरून गेनबा हिर्डोशीपर्यंत चालत गेला आणि ठकुबाईच्या हातावर ठेवून म्हणाला, “अगं, आपुन मालकांच्या घरात पडलो.”

ठकुबाईनं खोबरं वास घेऊन बघितलं. “आन् म्हस?”

“आता म्हशीचं काय घिऊन बसलीस! नोकराला फंड द्यायला कायदा लागतो. घरातल्या मानसाला कुनी न्हाई म्हनंल व्हय?”

“घरातल्या मानसालाच म्हनत्यात,” ठकुबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली. बायकांना मोठ्या मनाची माणसं ओळखता येत नाहीत, अशी गेनबाची खात्री झाली.

तपासनीससाहेब आले. शिस्तीचे गृहस्थ होते, चष्मा पुसल्याशिवाय प्रश्न विचारायचे नाहीत. आनंदरावांनी त्यांना वखारभर फिरवलं. “हे आमचे गेनबाकाका. ह्या फुलाआत्या. हे तिकडं पोत्याखाली आहेत ते मामा.” साहेबांनी चष्मा पुसून गेनबाला विचारलं, “तुम्ही ह्यांच्या घरचे?”

“व्हय साहेब, घरचंच,” गेनबा छाती काढून म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि हे तर त्याला खरंच वाटत होतं.

साहेबांनी शेरा दिला: ‘धंद्यात नोकर आढळले नाहीत. एकत्र कुटुंबपद्धतीचं असं उदाहरण हल्ली विरळ.’ आणि इतके खूष झाले, की आनंदरावांनी थोरल्या मुलीच्या, शैलजाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं तेव्हा सगळ्यांआधी येऊन बसेन म्हणाले. इथवर सगळं सुरळीत झालं. वसंताचा हातखर्च एका रुपयानं वाढला.

आनंदरावांची अडचण पुढं सुरू झाली, आणि ती होण्याचं कारण त्यांचा चांगुलपणाच. शहरगावात घरचा माणूस म्हणजे काय, तर ज्याला पगार कमी दिला तरी चालतो तो. पण हिर्डोशीच्या खोऱ्यात ह्या शब्दाचा अर्थ जरा मागासलेला आहे. तिथं घरचं म्हटलं की माणसं ते खरं धरतात.

दिवाळी सरली आणि फुलाआत्याचा चुलत सासरा वारला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा आनंदरावांच्या दारात उभा. पायरीच्या खालूनच म्हणाला, “मालक, आत येत न्हाई. आपल्याला सुतक आलंय.”

“आपल्याला?” आनंदराव पूजेला बसायच्या बेतात होते, सोवळं नेसलेले.

“फुलाआत्याचा सासरा म्हंजी आपला कोन? घरातलाच की वो. देवाला हात लावू नगासा. वखारीचं कुलूप मीच लावून आलोया, काळजी करू नगा.”

आनंदरावांनी भटजींना बोलावलं. भटजी म्हणाले, “ही माणसं तुमच्या घरची असतील तर सुतक आहे. नसतील तर नाही. काय ते तुम्ही सांगा.” आनंदरावांनी समोर पाहिलं. समोरच्याच घराच्या ओटीवर तपासनीससाहेब बाकीच्या वखारींसाठी अजून मुक्कामाला होते आणि दात घासत होते. आनंदराव आत गेले आणि सोवळं उतरवून ठेवलं.

तेव्हा वखारीत चाळीस पोती भरून तयार होती आणि पुण्याचा व्यापारी गाड्यांची वाट बघत होता. गेनबानंच मग समजूतदारपणा दाखवला. “आत्याच्या सासरचं मयत, जरा लांबचंच धरू. तीन दिसांत फिटंल,” म्हणाला. आनंदरावांना त्याच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली. पण सव्वीस घरं, प्रत्येक घराची भावकी पाच-पंचवीस, आणि थंडीचे दिवस म्हाताऱ्यांना बाधणारे. त्या कार्तिकात आनंदरावांच्या घरच्या देवांना पाणी असं क्वचितच मिळालं. आनंदराव तब्येतीची विचारपूस फार करू लागले. खोऱ्यात कोणी खोकलं तरी काढा पोचवत. एवढं जिव्हाळ्यानं वागणारा मालक आजूबाजूच्या चार संस्थानांत नव्हता.

मग लग्न आलं. मुलगा नसरापूरचा, वडील सुखवस्तू, मागणी अशी काही नाही, फक्त मुलीबरोबर एक चांगली दुभती म्हैस आंदण द्यावी, एवढंच बोलण्यात होतं. आनंदरावांनी गेनबाला बोलावलं. “काका, एखादी चांगली म्हैस आहे का हो तुमच्या पाहण्यात?”

गेनबाला पंचावन्न पुरी होऊन पंधरवडा झाला होता. फंडाचा विषय त्यानं काढला नव्हता. घरात असं कोणी मागतं का? आणि मालकांनी आपणहून विचारलं! “हाय की वो मालक,” तो म्हणाला, “कामथडीला. लई गुनाची. माझ्या मनातलीच हाय.”

“मग घेऊन टाका. सौदा तुम्हीच करा. घरचं काम आहे.”

गेनबा वाऱ्यासारखा घरी गेला. ठकुबाईचे सहा रुपये विसार म्हणून मागितले. ठकुबाईनं गाठ सोडली, पण विचारलं, “कुनासाठनं ग्येतायत, त्ये बोलले का?”

“अगं, माझ्या मनातली हाय म्हनलो, तर घिऊन टाका म्हनले! आता आनखी काय दवंडी पिटायची?”

ठकुबाईनंही मग आणखी खोदून विचारलं नाही. तिनं गोठा शेणानं सारवला, दावणीचा खुंटा नवा ठोकला, आणि जन्मात कधी नव्हे ती नवऱ्याकडं बघून हसली. गेनबा कामथडीला गेला. सोनबाला सहा रुपये विसार दिला, चोपन्न आनंदरावांकडनं आणून दिले, आणि म्हैस घेऊन भोरला आला. नदीवर नेऊन तिला घासली, शिंगांना तेल लावलं. लग्न होईस्तोवर इथंच बांधा, आनंदराव म्हणाले. बरोबरच होतं. लग्नघरी दूध लागतं.

लग्नाला सव्वीसही घरं आली. पाहुण्यासारखी पत्रिकेला धरून नाही, तर घरच्यासारखी दोन दिवस आधी, पोराबाळांसकट. त्यांना वखारीत उतरवण्यात आलं. (घरात जागा नव्हती असं नाही, पण घरच्यांना हवा लागते.) पाणी भरणं, लाकडं फोडणं, पत्रावळी लावणं, सगळी कामं त्यांनी कोणी न सांगता ओढून घेतली, आणि घरच्यांना जे जे करावं लागतं ते सगळं केलं. म्हणजे रुसली. एक मामा मानाच्या फेट्यावरनं रुसून नदीवर जाऊन बसला. तीन आत्यांनी करवलीचं लुगडं मागितलं. एक मावशी नुसतीच रडत होती, आणि तिला काय पाहिजे हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. आनंदराव प्रत्येकाची मनधरणी करत फिरत होते, कारण तपासनीससाहेब कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांआधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते आणि एकत्र कुटुंब डोळे भरून पाहत होते.

आपल्याकडे आहेर मुकाट्यानं देत नाहीत. कोणी काय दिलं ते मांडवात ओरडून सांगावं लागतं, नाहीतर दिलं हे खरं धरत नाहीत. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि वसंत पाटावर उभा राहून आहेर पुकारू लागला. मामांकडून पातळ. आत्याकडून खण. मग त्यानं आवाज चढवला:

“वधूचे काका, हिर्डोशीचे गेनबा, यांच्याकडून आंदण... दुभती म्हैस!”

मांडवात अरे वा अरे वा झालं. नसरापूरकर माना वळवून बघू लागले, हा कोण एवढा मोठा काका. म्हैस झूल घालून मांडवाच्या दारात आणली होती. तपासनीससाहेबांनी तर उभं राहून टाळी वाजवली. आणि गेनबा, ज्यानं उभ्या जन्मात कोणाच्या लग्नात खणाच्या वर आहेर केला नव्हता, तो त्या आवाजानं हरखून उठला, दोन्ही हात जोडले आणि चहूबाजूंनी फिरून सगळ्यांना नमस्कार केला. पूर्ण फिरून झाल्यावर त्याला समोर ठकुबाई दिसली. ती मांडवाच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसत होती. तेव्हा त्याला कळलं.

मांडवात काय बोलणार! पोरगी पाया पडायला आली. शैलजाला तो लहानपणी पोत्यांच्या थप्पीवर बसवून खेळवायचा. ती म्हणाली, “काका, येत राहा.” गेनबाला रडू फुटलं, आणि सगळ्यांना ते फार शोभून दिसलं.

हिशेबाच्या बाजूनं पाहिलं तर ह्यात आनंदरावांचं काहीच चुकलं नव्हतं. वसंतानं तो त्यांना समजावून सांगितला. गेनबाचे कापलेले सत्तावीस आणि मालकांचे त्यात घालायचे सत्तावीस, हे चोपन्न रुपये म्हशीत गेले. म्हणजे फंड दिला गेला. तो घेऊन काकांनी पुतणीला आहेर केला, हा काकांचा मोठेपणा. कायद्याचा आणा आणि लेकीचं आंदण हे दोन खर्च एकाच म्हशीत बसवणारा वसंत पुढं वर जाणार, हे त्याच दिवशी नक्की झालं.

वऱ्हाड निघालं तेव्हा म्हैस कोणाला वळेना. ती फक्त गेनबाच्या मागं चालायची. म्हणून नसरापूरपर्यंत तिला गेनबानंच नेली.

परत आला तो तिसऱ्या दिवशी. ठकुबाई सारवलेल्या गोठ्यात नव्या खुंट्याशेजारी बसली होती. “चुकलं माझं,” गेनबा म्हणाला. “म्या इचारलंच न्हाई.”

“आता रडून काय!” ठकुबाई उसळली. “काका हायसा न्हवं? सुतक पाळलं, आंदन दिलं. जे द्यायचं ते समदं घरच्यावानी दिलंसा. आता घ्यायचं बी घरच्यावानी घ्या. भाऊ घरातनं येगळा निघाला तर त्याला काय देत्यात?”

“काय देत्यात?” गेनबानं विचारलं.

“वाटनी,” ठकुबाई म्हणाली. “जावा. मागा.”

गेनबाला मागायची लाज वाटत होती. पण खुंटा डोळ्यापुढनं हलेना. दुसऱ्या दिवशी तो आनंदरावांच्या ओटीवर जाऊन बसला. (पहिल्यांदाच. आजवर तो पायरीवर बसायचा.) आनंदराव लग्नाच्या शिणवट्यानं पान लावत बसले होते.

“मालक, वय झालं. आता घरातनं येगळं निगावं म्हनतो. तर रीतीपरमानं वाटनी करून द्या.”

पान आनंदरावांच्या हातातच राहिलं. “कसली वाटणी?”

“आपल्या वखारीची. मला लई नगं. एक दुभतं जनावर द्या, म्या हक्क सोडल्याची फारखत लिवून देतो. बाकीचं काका-मामा बी भाईर हायती. त्ये म्हनले, तू आदी जाऊन ये.”

आनंदरावांनी ओटीवरून वाकून पाहिलं. अंगणात पंचवीस माणसं उभी होती, बायका पदर घेऊन, पुरुष मुंडाशी काढून, अगदी घरच्यासारखी. भोरच्या इतिहासात भाऊबंदकीत बुडालेली घरं कमी नाहीत, पण एका दसऱ्यात सव्वीस भाऊबंद जोडून घेणारे आनंदराव पहिलेच. त्यांच्या कपाळावर भर मार्गशीर्षात घाम आला.

गेनबाला त्या घडीला वाटलं, आता देतील. कासावीस झालेल्या माणसाचं तोंड त्याला ओळखू येत होतं, आणि साठ रुपयांची म्हैस वखारीपुढं काय! तो मनातल्या मनात दावं सोडून घरच्या वाटेला लागलासुद्धा.

आनंदराव म्हणाले, “उद्या या.”

दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारावर नवा जाहीरनामा लागला होता. वसंतानं तो मोठ्यानं वाचला: ‘मालकांच्या असं ध्यानात आलं आहे की दसऱ्याचा जाहीरनामा भावनेच्या भरात निघाला होता. सबब आजपासून सर्व नाती रद्द समजावीत. सर्व मंडळी आजच्या तारखेपासून नोकर म्हणून नव्यानं रुजू झाली असून त्यांना फंडाचे सर्व हक्क आजपासूनच पोचतील.’

लोकांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. फंड परत मिळाला होता. मागच्या तीन वर्षांचे कापलेले आणे घरखर्चात गेले, हे त्यांना नंतर सावकाश समजावण्यात आलं. आणि पुढच्याच आठवड्यात आनंदरावांनी वखारीच्या मध्यभागी एक भिंत घातली. भिंतीच्या अलीकडची वखार त्यांची, पलीकडची त्यांच्या पत्नीची. सव्वीस माणसांतली तेरा इकडं, बारा तिकडं. वीसचा आकडा कुठंच भरेना, तेव्हा फंडाचा प्रश्न आपोआप मिटला. भिंतीला दार ठेवलं होतं.

तेरा आणि बारा पंचवीस होतात. सव्विसावा गेनबा. त्याच्याबद्दल आनंदरावांना खरोखर वाईट वाटलं. पण करणार काय? पंचावन्न उलटलेल्या माणसाला नव्यानं नोकरीवर घेऊन फंडात घालू नये, असं अकरावं कलम सांगत होतं, आणि कायदा मोडणं आनंदरावांच्या स्वभावात नव्हतं. नोकर म्हणून गेनबाचं वय जास्त, आणि काका म्हणून त्याची मुदत संपलेली. त्यांनी त्याला नारळ दिला. “ये अधूनमधून,” म्हणाले. अहोजाहो नात्याबरोबरच गेलं होतं.

गेनबा नारळ घेऊन निघाला. ठकुबाई त्याच्याबरोबर होती. वरंधा घाटाच्या वाटेवर दम लागून तो एका धोंड्यावर टेकला आणि म्हणाला, “म्हशीचं जाऊ दे गं. पन काका म्हनत हुते, त्ये बरं वाटायचं.”

ठकुबाईनं त्याला एक शिवी दिली. मग तिनंच त्याचा हात धरून उठवलं. पुढची अकरा वर्षं गेनबा पोटासाठी दुसऱ्याच्या भातात राबला, आणि कोणी नसरापूरहून आलं की आधी विचारायचा, आमच्या पोरीची म्हैस बरी हाय न्हवं.

इथं गोष्ट संपली. वाचकांना आनंदरावांचा राग आला असेल, आणि तो येणं योग्यच आहे. असली माणसं आता राहिली नाहीत, हे समाज सुधारल्याचं लक्षण. आपण हे वाचत बसलात त्या खोलीच्या पलीकडे, आपल्या स्वयंपाकघरात, एवढ्यात भांड्यांचा आवाज थांबला. भांडी घासून त्या निघाल्या. बारा-चौदा वर्षं झाली ना त्यांना येऊन? गुडघे दुखतात हल्ली, जिना चढताना थांबतात, आपल्याही ध्यानात आलंय. आपण त्यांना कधी नावानं हाक मारत नाही, मुलंसुद्धा मावशीच म्हणतात. परवा पाहुणे आले होते तेव्हा आपण अगदी मनापासून सांगितलंत, “कामवाली कसली हो, आमच्या घरातल्याच आहेत त्या.” पाहुण्यांना ते फार आवडलं. त्यांच्याही घरी एक मावशी आहेत.